बारावीनंतर ‘पॅथॉलॉजी’ करायचंय? केळशी-दापोलीच्या पालकांनी कॉलेज निवडताना काय तपासावं

बारावी सायन्सचा निकाल लागला की आपल्या केळशीत, तसंच आंजर्ले, हर्णे, दापोलीच्या मोहल्ल्यांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. “नीटमध्ये मार्क कमी पडले, आता पॅथॉलॉजी करायची.” विचार चांगलाच आहे. पण त्या एका शब्दाखाली चार-पाच वेगवेगळे कोर्स दडलेले असतात. कुणी एक वर्षाचा डिप्लोमा करतो, कुणी चार वर्षांची पदवी, आणि घरचे सगळ्यांनाच ‘पॅथॉलॉजीवाला’ म्हणतात. फरक कळतो तो नोकरीला किंवा आखातात जायच्या वेळी. तोवर पैसे गेलेले असतात आणि वयही पुढे सरकलेलं असतं.

आम्ही शिक्षक आहोत, डॉक्टर नाही. पण दरवर्षी जून-जुलैत पालक फॉर्म आणि माहितीपत्रकं घेऊन आमच्याकडे येतात. त्यांना जे सांगतो, तेच इथे नीट मांडून लिहितो आहोत.

आधी शब्दांचा घोळ सोडवू

फिजिऑलॉजी म्हणजे निरोगी शरीर कसं चालतं याचा अभ्यास. हृदय, फुप्फुस, मूत्रपिंड काय काम करतात, ते यात शिकवतात. युनानीत याला मनाफे-उल-आज़ा म्हणतात. पॅथॉलॉजी म्हणजे आजारात शरीरात काय बिघडतं याचा अभ्यास, युनानीतलं माहियत-उल-अमराज़. रक्त, लघवी, थुंकी, गाठीचा तुकडा तपासून आजार ओळखणं हे पॅथॉलॉजीचं रोजचं काम. हे इल्म आपल्याला परकं नाही. फुप्फुसातून रक्त कसं फिरतं ते तेराव्या शतकात इब्न अन-नफीस यांनी लिहून ठेवलं होतं, आणि देवी व गोवर हे दोन वेगळे आजार आहेत हे त्याच्याही आधी अर-राज़ी यांनी सांगितलं होतं.

आता पदव्या बघू.

पॅथॉलॉजिस्ट हा डॉक्टर असतो. आधी नीट, मग साडेपाच वर्षांचं एमबीबीएस (इंटर्नशिप धरून), मग नीट-पीजी आणि तीन वर्षांचं एमडी पॅथॉलॉजी किंवा डीएनबी. म्हणजे बारावीनंतर किमान साडेआठ वर्षं. एमडी फिजिऑलॉजीचाही रस्ता हाच. तिथून पुढे बहुतेक जण मेडिकल कॉलेजात शिकवतात.

लॅब टेक्नॉलॉजिस्ट किंवा टेक्निशियन हा डॉक्टर नसतो. पण त्याच्याशिवाय लॅब चालत नाही. नमुना घेणं, मशीनवर लावणं, स्लाइड तयार करणं, मशीन बरोबर आकडा दाखवतंय की नाही हे रोज तपासणं, हे त्याचं काम. त्यासाठी बीएससी एमएलटी, बीपीएमटी किंवा डीएमएलटी असे कोर्स आहेत.

‘बीएससी फिजिऑलॉजी’ ही वेगळी पदवी पश्चिम बंगालच्या कॉलेजांत रुळलेली आहे, आपल्याकडे नाही. आपल्या भागात ज्यांना फिजिऑलॉजीची ओढ आहे ते झूलॉजी किंवा लाइफ सायन्सेसमध्ये बीएससी करून पुढे एमएससीला तो विषय घेतात. काही वैद्यकीय संस्थांत एमएससी मेडिकल फिजिऑलॉजीही आहे. हा रस्ता शिकवण्याचा आणि संशोधनाचा आहे. ‘डॉक्टर’ होण्याचा नाही, हे मुलाला आणि घरच्यांना आधीच माहीत असावं.

बीयूएमएसमध्येही हे दोन्ही विषय आहेत. पण तो साडेपाच वर्षांचा युनानी डॉक्टरीचा कोर्स आहे आणि त्यालाही नीट लागते.

रिपोर्टवर सही कोणाची?

हा मुद्दा आम्ही मुद्दाम वर घेतला आहे. “डिप्लोमा करतो आणि गावात लॅब टाकतो” असं कितीतरी मुलं म्हणतात. १२ डिसेंबर २०१७ रोजी सुप्रीम कोर्टाने गुजरातमधल्या लॅबचालकांच्या प्रकरणात स्पष्ट केलं की लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी. म्हणजे डीएमएलटी किंवा बीएससी एमएलटी केलेल्याने एकट्याच्या सहीने रिपोर्ट देणं त्यात बसत नाही.

याचा अर्थ कोर्स वाया गेला असा नाही. हॉस्पिटलची लॅब, ब्लड बँक, मोठ्या लॅब-कंपन्या, सरकारी दवाखाने, सगळीकडे टेक्नॉलॉजिस्ट लागतात. पण स्वतःची लॅब हे स्वप्न असेल तर पॅथॉलॉजिस्टशी रीतसर जोडून घ्यावं लागेल, आणि तो खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरावा लागेल. कुणा डॉक्टरच्या सहीचे कोरे कागद आणून ठेवायचे आणि त्यावर रिपोर्ट छापायचे, असला धंदा करू नका. समोरचा माणूस त्या कागदावर विश्वास ठेवून औषध घेतो. रोजी हलाल राहण्याचाही हा प्रश्न आहे.

२०२१ चा कायदा आणि तासांचा हिशेब

संसदेने २०२१ मध्ये ‘नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स’ कायदा केला. लॅबचं काम त्याच्या यादीत आहे. या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे ‘अलाइड हेल्थ प्रोफेशनल’ होण्यासाठी डिप्लोमा किंवा पदवी किमान २,००० तासांची आणि दोन ते चार वर्षांत पसरलेली हवी. ‘हेल्थकेअर प्रोफेशनल’साठी किमान ३,६०० तासांची, तीन ते सहा वर्षांची पदवी हवी.

पालकांना हा हिशेब घरी बसून करता येतो. बारावीनंतर “सहा महिन्यांत लॅब टेक्निशियन” किंवा “एका वर्षात डीएमएलटी, नोकरीची हमी” असं पोस्टर दिसलं की हे दोन आकडे आठवा. जो कोर्स दोन वर्षांचाच नाही, तो या व्याख्येत बसणार कसा? बीएससीनंतरचा एक वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमा ही वेगळी गोष्ट आहे, कारण त्याच्या आधी तीन वर्षांची पदवी झालेली असते. तरी त्याचीही मान्यता तपासायचीच.

आणखी एक. घरी बसून, पत्रव्यवहाराने किंवा ऑनलाइन लॅबचा कोर्स करण्याच्या भानगडीत पडू नका. या कायद्यात येणारे आरोग्याचे कोर्स दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने देऊ नयेत, असं यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून बजावलं आहे. त्यात मायक्रोबायॉलॉजीचाही उल्लेख आहे. रक्त काढायला हात लागतो, तो मोबाइलवर बघून येत नाही.

मान्यता कशी तपासायची?

माहितीपत्रकावर ‘गव्हर्नमेंट रजिस्टर्ड’ असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. संस्था, ट्रस्ट किंवा कंपनी म्हणून नोंदणी असणं वेगळं आणि कोर्सला मान्यता असणं वेगळं. दुकानाचीही नोंदणी असते, म्हणून ते कॉलेज होत नाही. कॉलेजला हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तर कागदावर मागा.

एक, पदवी कोणतं विद्यापीठ देणार? महाराष्ट्रात वैद्यकीय आणि पॅरामेडिकल कॉलेजांसाठी नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, १९९८ साली स्थापन झालेलं. त्याच्या वेबसाइटवर संलग्न कॉलेजांची यादी असते. कॉलेजचं नाव तिथे स्वतः शोधा. अभिमत विद्यापीठ असेल तर ते यूजीसीच्या यादीत आहे का ते बघा.

दोन, हाच कोर्स मान्य आहे का? कॉलेज खरं असतं, पण त्यातला एखादा नवीन कोर्स मान्यतेविना चालू असतो. म्हणून कॉलेजच्या नावापुढे कोर्सचं नाव आणि जागांची संख्याही बघा.

तीन, कोर्स झाल्यावर नोंदणी कुठे होणार? महाराष्ट्र पॅरामेडिकल कौन्सिलमध्ये होईल का? मागच्या बॅचच्या मुलांची झाली आहे का? तसं असेल तर त्यांच्याशी बोलू द्या, असं सांगा.

यूजीसी बोगस विद्यापीठांची यादीही जाहीर करते. महाराष्ट्रातून त्या यादीत नागपूरच्या ‘राजा अरेबिक युनिव्हर्सिटी’चं नाव वर्षानुवर्षं आहे. नावात अरेबिक आहे, इस्लामिक आहे किंवा संस्थाचालक आपल्यातले आहेत, एवढ्यावर भरवसा ठेवायचा नसतो, हे त्यावरून शिकावं.

केळशीहून कुठे जाता येईल?

आपल्या जिल्ह्यात आता दोन मेडिकल कॉलेजं आहेत. चिपळूण तालुक्यात सावर्ड्याजवळ डेरवणला बी. के. एल. वालावलकर रुरल मेडिकल कॉलेज आहे, खासगी. रत्नागिरीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२३ मध्ये सुरू झालं. शेजारी अलिबाग आणि सिंधुदुर्गनगरीलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आली आहेत. दहा वर्षांपूर्वी कोकणातल्या मुलाला सरकारी मेडिकल कॉलेजसाठी मुंबई-पुणे किंवा मिरज-कोल्हापूर गाठावं लागायचं. ते चित्र बदललं आहे. एमबीबीएसची आशा असलेल्या मुलांनी हे लक्षात घ्यावं, आणि लॅबचा कोर्स करणाऱ्यांनी या कॉलेजांत यंदा पॅरामेडिकलचे कोणते कोर्स आहेत ते थेट विचारावं.

मुंबईत जे.जे.चं ग्रँट मेडिकल कॉलेज (१८४५), नायर (१९२१), केईएमचं जी. एस. मेडिकल (१९२६) आणि सायनचं लोकमान्य टिळक ही जुनी नावं आहेत. भारतीय पॅथॉलॉजीचे जनक म्हटले जाणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर मुंबईतच शिकवत होते. आरोग्य विद्यापीठाचा बीपीएमटी कोर्स शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत चालतो. तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, त्यात लॅब टेक्निशियनची शाखा असते. फी खासगीपेक्षा पुष्कळ कमी आणि रुग्णांची गर्दी प्रचंड, म्हणजे हाताखालून नमुने भरपूर जातात. जागा थोड्या असल्याने बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजीच्या मार्कांना फार किंमत येते. प्रवेशाची पद्धत आणि तारखा त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघायच्या, गेल्या वर्षीच्या ऐकीव माहितीवर जायचं नाही.

नवी मुंबईत कामोठ्याला एमजीएमसारखी अभिमत विद्यापीठं आहेत. तिथे बीएससी एमएलटी आणि पुढे एमएससीचीही सोय आहे. सोय चांगली, पण फी तिथे जास्त असते. पूर्ण कोर्सची फी, हॉस्टेल, खानावळ आणि परीक्षा फी असा एकत्र आकडा लेखी घ्या. पहिल्या वर्षाच्या आकड्यावर भुलू नका.

मुलाला किंवा मुलीला लगेच लांब पाठवणं ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी तिसरा रस्ता आहे. दापोलीचं अर्बन बँक सायन्स कॉलेज, चिपळूणचं डी.बी.जे., रत्नागिरीचं गोगटे-जोगळेकर अशा मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांतून बीएससी करा आणि त्यानंतर मान्यताप्राप्त डीएमएलटी. राज्याच्या आरोग्य विभागात ‘प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकारी’ असं पद असतं. त्याच्या जाहिरातींत विज्ञानाची पदवी आणि सोबत डीएमएलटी मागितलेली दिसते. त्यामुळे हा रस्ता लांबचा वाटला तरी कच्चा नाही.

कॉलेज बघायला जाल तेव्हा

इमारत, एसी आणि गेटवरचा फलक बघून परत येऊ नका. लॅबचं शिक्षण हॉस्पिटलच्या जिवावर होतं. म्हणून पहिला प्रश्न हाच की कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल आहे का? नसेल तर कुठल्या हॉस्पिटलशी लेखी करार आहे?

मग लॅबमध्ये जा. हिमॅटॉलॉजी, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायॉलॉजी, हिस्टोपॅथॉलॉजी आणि ब्लड बँक हे पाचही विभाग आहेत का ते बघा. दिवसाला किती नमुने येतात ते विचारा. एका मायक्रोस्कोपवर किती मुलं बसतात ते डोळ्यांनी मोजा. मुलांना टीबीचे जंतू दिसण्यासाठी झील-नील्सन स्टेन स्वतः करायला मिळतो का? न्यूबॉअर चेंबरवर पेशी मोजायला मिळतात का? गाठीचा पातळ काप काढायचं मायक्रोटोम चालू आहे की कपाटात? आजकाल आकडे मशीन देतं हे खरं. पण मशीनने चुकीचा आकडा दिला हे ओळखायला हाताने केलेलं काम लागतं.

लॅबला एनएबीएल मान्यता असेल तर उत्तम. तिथे मुलाला रोजचं क्वालिटी कंट्रोल म्हणजे काय ते शिकायला मिळतं. शिकवणारे पूर्ण वेळ आहेत का, आणि पॅथॉलॉजीचे एमडी डॉक्टर प्रत्यक्ष येतात की फक्त यादीत आहेत, हेही विचारा. ही चौकशी शिक्षकांपेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांकडे करावी, कँटीनमध्ये बसून. तिथे खरं कळतं.

शिवाय प्रत्यक्ष काम सुरू होण्याआधी हिपॅटायटिस-बीची लस घेतलेली असावी. तिचे तीन डोस ०, १ आणि ६ महिने असे असतात. कॉलेज ती देतं का ते विचारा, नाहीतर आपण द्या.

मुलींबद्दल

आपल्या मुली या क्षेत्रात छान चालतात. हात स्थिर, काम नेटकं, आणि नोकरी घरापासून फार दूर न जाताही मिळू शकते. पालकांची काळजी असते ती हॉस्टेल, नाइट ड्युटी आणि पडद्याची. या तिन्ही गोष्टी प्रवेशाआधी मोकळेपणाने विचाराव्यात. इंटर्नशिपमध्ये रात्रपाळी किती, सोबत कोण असतं, हॉस्टेल आवारातच आहे का, नमाजला जागा मिळते का, सगळं विचारा. स्कार्फ बहुतेक ठिकाणी अडचणीचा ठरत नाही. पण तो लॅबकोटच्या आत नीट पिन केलेला हवा. सैल पदर बर्नरच्या ज्योतीजवळ किंवा सेंट्रिफ्यूजजवळ गेला तर जिवावर बेतेल. हा नियम सुरक्षेचा आहे, तो मुलीला आपणच समजावून सांगावा.

पैशांअभावी मुलीचं शिक्षण थांबवण्याआधी सरकारी सवलत बघा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची पूर्ण शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ झाली आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीय पद्धतीने झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. आपला कोर्स आणि कॉलेज त्यात येतं का, ते प्रवेश घेण्याआधी विचारून घ्या. खुल्या गटातल्या मुस्लिम कुटुंबांनाही निकष पूर्ण केले तर ईडब्ल्यूएसचा दाखला मिळतो. तो फक्त इतरांसाठी आहे असा गैरसमज आपल्याकडे अजून आहे.

पैसा आणि कागदपत्रं

राज्याच्या अल्पसंख्याक शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचा. शिक्षणकर्जासाठी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ आहे. दोन्हीकडे मान्यताप्राप्त कोर्सलाच पैसे मिळतात. त्यामुळे कर्ज किंवा शिष्यवृत्ती मिळेल का, या प्रश्नाच्या उत्तरावरूनही कॉलेजची परीक्षा होते. “आमच्याकडे स्कॉलरशिप लागू नाही” असं कुणी म्हणालं तर का नाही, ते विचारा.

उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला आणि ईडब्ल्यूएसचा दाखला दापोली तहसीलमधून वेळेत काढून ठेवा. निकालानंतर गर्दी होते आणि प्रवेशाची तारीख कुणासाठी थांबत नाही.

आणि नावाचं स्पेलिंग. आमचा अनुभव असा की आपल्या मुलांचं सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. उर्दू शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं. मोहम्मदचं कुठे आखूड रूप, कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचं नाव नाहीच. दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे बाकी सगळं एकसारखं करून घ्या, गरज पडली तर राजपत्रात नावबदल छापून घ्या. पण हे पदवीच्या प्रमाणपत्रावर नाव छापलं जाण्याआधी करा.

आखाताचं गणित

केळशीतल्या कितीतरी घरांची चूल कुवेत, सौदी, कतार, दुबईच्या पैशांवर पेटते. म्हणून पालक विचारतात, “हा कोर्स तिकडे चालेल का?” त्याचं उत्तर कॉलेजच्या निवडीतच आहे. सौदीत लॅबचं काम करायचं तर सौदी कमिशन फॉर हेल्थ स्पेशालिटीजकडे नोंदणी आणि परीक्षा लागते. दुबई, अबुधाबी, कतारमध्येही त्यांच्या आरोग्य खात्याचा परवाना लागतो. त्याआधी डेटाफ्लोसारखी संस्था तुमचं प्रमाणपत्र थेट विद्यापीठाकडे पाठवून खरं आहे का ते विचारते. विद्यापीठाने उत्तरच दिलं नाही किंवा “असा कोर्स आमचा नाही” म्हटलं, तर तिथेच सगळं संपतं. एजंट कितीही ओळखीचा असला तरी तिथे काही करू शकत नाही.

आमच्या माहितीतला एक मुलगा असाच अडकला. कोर्स एक वर्षाचा, काम उत्तम येत होतं, मुंबईच्या लॅबमध्ये अनुभवही होता. पण पडताळणीत प्रमाणपत्र टिकलं नाही. शेवटी तो लॅब सोडून भावाच्या दुकानात कामाला गेला. हुशारी होती, मेहनत होती, फक्त कागद कच्चा होता.

दुसरी गोष्ट म्हणजे दर्जा. सौदीत पदवीधराची नोंद ‘स्पेशालिस्ट’ म्हणून होते आणि डिप्लोमावाल्याची ‘टेक्निशियन’ म्हणून. हुद्दा वेगळा, म्हणून पगारही वेगळा. घरची परिस्थिती अगदीच अडली नसेल तर डिप्लोमावर न थांबता पदवी करा, असं आम्ही म्हणतो ते यासाठीच.

इथेही गरज आहे

आखात हाच एक रस्ता नाही. पावसाळ्यात कोकणात ताप आला की तो लेप्टो आहे, मलेरिया आहे की डेंगी, हे लॅबच सांगते. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली माकडतापाची साथ आली, तेव्हा नमुना नीट घेणारा, थंड ठेवून पाठवणारा आणि तपासणारा प्रत्येक हात मोलाचा होता. आपल्या भागातल्या आजारी माणसाला मोठ्या तपासणीसाठी आजही दापोली किंवा त्याहून पुढे जावं लागतं. चांगलं शिकलेली चार मुलं-मुली या तालुक्यात राहिली, तर ती पायपीट कमी होईल.

म्हणून फॉर्म भरण्याआधी एक आठवडा द्या. यादी बघा, लॅब बघा, जुन्या मुलांशी बोला, खर्चाचा पूर्ण आकडा लिहून काढा, आणि मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवून विचारा की रोज रक्ताच्या नळ्या हाताळायचं काम तुला आवडेल का. जमातीतली जाणती मंडळी, शिकलेले तरुण यांनी निकालाच्या दिवसांत मोहल्ल्यात एखादी संध्याकाळ या चौकशीसाठी ठेवली तर फार बरं होईल. कागद वाचून दाखवायला आम्ही शिक्षक येऊच, इन्शाअल्लाह.